जुन्या यंत्रांचा डोंगर

सिलिगुडीचं मैदान मागे पडतं, सुकनापाशी सालवृक्षांचं जंगल सुरू होतं आणि तिथून रस्त्याची आणि रुळांची जी सोबत जमते ती दार्जिलिंगपर्यंत सुटत नाही. रूळ कधी उजव्या हाताला, कधी डाव्या, मध्येच रस्ता कापून पलीकडे. बहुतेक ठिकाणी फाटक नाही की झेंडीवाला नाही. शिटी ऐकू आली की जीपवाला गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो आणि खिडकीत कोपर टेकून बसतो. मागचा हॉर्न वाजवत नाही, पुढचा घाई करत नाही. गाडी जाते, गार्डाला कुणीतरी हात करतं आणि सगळे पुन्हा चालू लागतात. आपल्या घाटांत ट्रकमागे दोन मिनिटं अडकलं तरी जो गोंगाट होतो तो आठवला आणि पहिल्या तासातच या डोंगरातल्या माणसांचा स्वभाव कळायला लागला.

मी कोल्हापूरचा. घराजवळच उद्यमनगर, त्यामुळे लेथचा आवाज आणि कापलेल्या लोखंडाचा वास लहानपणापासून ओळखीचा. दार्जिलिंगला लोक जातात ते कांचनजंगा पाहायला आणि चहा घ्यायला. मीही त्यासाठीच निघालो होतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांची यंत्रं या डोंगरात अजून कामावर आहेत, हे वाटेत एकामागून एक दिसत गेलं आणि मग शिखरांपेक्षा माझं लक्ष त्यांच्याकडेच अधिक राहिलं.

ही रेल्वे १८७९ साली बांधायला घेतली आणि १८८१ साली ती दार्जिलिंगला पोचली. ईस्टर्न बेंगाल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टिज यांची ती कल्पना. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, आपल्या माथेरानच्या गाडीसारखेच. वाटेत एकही बोगदा नाही. चढ आवाक्याबाहेर गेला की रूळ स्वतःभोवतीच गोल फिरून वर येतात, आणि जिथे गोल फिरायलाही जागा नाही तिथे गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे सरकत वरच्या रुळावर चढते आणि पुन्हा पुढे निघते. डोंगर न फोडता, त्याच्या कलाकलाने घेत वर जायची ही रीत पाहिली की बांधणाऱ्यांनी आधी डोंगराची वळणं किती बारकाईने पाहिली असतील ते जाणवतं.

तिनधारियाला आमचा जीपवाला चहासाठी थांबला. रस्त्याला लागूनच या रेल्वेचा जुना कारखाना. आत एका इंजिनाचा बॉयलर उतरवून ठेवलेला, चाकं वेगळी, पिस्टनचे दांडे एका फळीवर ओळीने मांडलेले. ही बी-क्लासची इंजिनं. पहिली १८८९ साली आली आणि १९२०च्या दशकापर्यंत एकाच मूळ आराखड्यावर एकूण ३४ बांधली गेली. तो आराखडा शार्प स्ट्युअर्ट या ब्रिटिश कंपनीचा. ती कंपनी १९०३ साली दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि ती मोठी कंपनीही १९६०च्या दशकात बंद पडली. म्हणजे या इंजिनाचा सुटा भाग आता जगातल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. बुश झिजला तर तो इथेच कापायचा, पितळी झडप गळायला लागली तर इथेच घासून बसवायची.

लेथवर एक पन्नाशीचे मिस्त्री काम करत होते. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे फाउंड्रीचं मोठं काम चालतं, असं सांगितल्यावर त्यांनी मशीन थांबवलं आणि हातातला पितळी भाग माझ्या हातावर ठेवला. गरम होता. आतल्या बाजूला बोट फिरवून बघायला सांगितलं. कड कुठेही बोटाला लागत नव्हती. 'मोजपट्टी नंतर, आधी बोट,' असं ते हिंदीत म्हणाले. उद्यमनगरातले जुने मिस्त्री अगदी हेच सांगतात. भिंतीवर विश्वकर्म्याची तसबीर, तिच्याभोवती चमकीच्या माळा. या भागात सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा होते आणि त्या दिवशी लेथपासून जीपपर्यंत सगळ्यांना फुलं वाहतात. आपण तेच खंडेनवमीला आणि दसऱ्याला करतो. तिथी वेगळी, पण पान्याला कुंकू लावणारा हात एकच वाटला.

कुर्सियांगला रूळ भर बाजारातून जातात. दुकानाची पायरी संपते आणि लगेच रूळ. गाडी यायची वेळ झाली की दुकानदार बाहेर टांगलेले स्वेटर आणि छत्र्या आत ओढतो, भाजीवाली दिदी टोपली उचलते, शाळेची मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहतात, आणि गाडी गेली की टोपली परत जाग्यावर. या हालचालीत कुठेही वैताग नाही. बाजाराने रेल्वेला आपल्यात धरलं आहे. एका छोट्या खाणावळीत मोमो घेतले. सोबतची लाल चटणी गोल, गुबगुबीत अशा 'डल्ले' मिरचीची. आमच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसालाही पहिल्या घासाला पाणी प्यावं लागलं. मालकीणबाईंनी न मागता सुपाची वाटी पुन्हा भरून दिली. तिचे वेगळे पैसे नाहीत.

कुर्सियांगच्या खालच्या अंगाला चहाचे मळे उतरत जातात. त्यातल्या एका कारखान्यात शिरायला मिळालं. बाहेरून पांढऱ्या पत्र्याची लांबलचक दुमजली इमारत, आत पाऊल टाकलं की ओल्या पानांचा, थोडा फळासारखा वास. वरच्या मजल्यावर जाळीच्या लांब वाफ्यांवर हिरवी पानं पसरलेली आणि खालून हवा सोडलेली. चौदा ते अठरा तास ती तशीच सुकतात, मऊ पडतात. मग खाली येतात ती पानं मळण्याच्या यंत्रावर.

ते यंत्र मी बराच वेळ पाहत राहिलो. एक मोठं गोल टेबल, त्यावर पितळी पट्ट्या चंद्रकोरीच्या आकारात बसवलेल्या. वर उभं नळकांडं, त्यात पानं भरलेली. नळकांडं टेबलावर संथपणे गोल फिरतं आणि पानं पट्ट्यांवर घासली जातात. तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळावी तसा त्याचा फिरण्याचा डौल. पान फाटत नाही, वळतं, आणि त्याचा रस त्याच्याच अंगावर येतो. टेबलाच्या बिडाच्या पायावर उठावाची अक्षरं होती. हिरव्या रंगाचे थरावर थर बसल्यामुळे ती बोटांनीच वाचावी लागली: मार्शल, सन्स अँड कंपनी, गेन्सबरो. विल्यम जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात हे यंत्र घडवलं आणि इंग्लंडातल्या गेन्सबरोच्या मार्शल कंपनीने ते बांधून मळ्यामळ्यांत पाठवलं. चालवणारा कामगार अधूनमधून टेबलाखाली हात घालून बेअरिंग किती तापलंय ते बघत होता. दुसरं कुठलंही उपकरण त्याच्याकडे नव्हतं.

शेजारच्या खोलीत वाळवणीची भट्टी. तिच्यावर नाव 'सिरोक्को'. सॅम्युएल डेव्हिडसन हा आयर्लंडातला तरुण १८६४ साली आसाम भागातल्या काछारला चहाच्या मळ्यावर आला. कोळशाच्या शेगडीवर टोपल्यांतून चहा वाळवण्याची पद्धत त्याला पटेना. त्याने गरम हवेवर चालणारं यंत्र जुळवलं आणि १८८१ साली बेलफास्टला जाऊन त्याचा कारखाना काढला. मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे, की या यंत्राची गरज मळ्यात निर्माण झाली, डोकंही मळ्यात चाललं. बेलफास्टमध्ये फक्त त्याला आकार मिळाला. असं यंत्र इतकी वर्षं टिकतं यात नवल नाही. ते घडलंच मुळी इथल्या कामासाठी.

आपल्याकडे घरोघरी जो चहा उकळतो तो बहुतेक सीटीसी पद्धतीचा, दातेरी रुळांतून चिरडून गोळी केलेला. ती पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली. दूध, साखर, आलं घालून खदखदा उकळायला तोच चहा बरा. पण इथला चहा उकळत नाहीत. कारखान्याच्या बाबूंनी पांढऱ्या कपात तो गाळून दिला तेव्हा रंग फिक्या मधासारखा होता. साखर मागावी असं वाटलंच नाही. सुमारे साडेचार किलो हिरव्या पाल्याचा एक किलो चहा होतो, हे ऐकल्यावर कप रिकामा करताना तळाशी थेंब ठेवायचं जिवावर आलं.

दार्जिलिंगमध्ये पहाटे जाग येते ती इंजिनाच्या शिटीने. लांब पल्ल्याच्या गाड्यांना आता डिझेल इंजिनं लागतात, पण दार्जिलिंग ते घूम एवढ्या टप्प्यात बी-क्लासची वाफेची इंजिनं रोज धावतात. स्टेशनवर जाऊन जवळून पाहिलं. एवढ्याशा इंजिनाला किती माणसं! ड्रायव्हर आणि फायरमन असतातच. शिवाय कोळशाच्या ढिगावर बसून मोठी ढेकळं फोडणारा एक. आणि सगळ्यात पुढे, अगदी रुळांवर वाकून बसलेली दोन माणसं. दंव पडून रूळ निसरडे झाले की ते मूठमूठ वाळू रुळावर सोडतात, म्हणजे चाक घसरत नाही. हे काम ते चालत्या गाडीवर, थंडीत, उघड्या हातांनी करतात. वाळू किती सोडायची हे त्यांच्या मुठीला माहीत. जास्त पडली तर चाक जड होतं, कमी पडली तर जागच्या जागी फिरतं.

घूम स्टेशन २,२५८ मीटर उंचीवर, भारतातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. तिथे संग्रहालय आहे आणि 'बेबी सिवोक' नावाचं चिमुकलं जुनं इंजिन रंगवून, झळकवून ठेवलं आहे. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. मीही थोडा वेळ थांबलो. पण बाहेर तेलाने माखलेलं, जागोजागी वाफ सोडणारं इंजिन पाणी भरून घेत होतं आणि माझे पाय तिकडेच वळले. युनेस्कोने १९९९ साली या रेल्वेला जागतिक वारशाचा मान दिला. तो मान रुळांना आणि इंजिनांना मिळाला असला तरी माझ्या लेखी त्यातला मोठा वाटा त्या वाळूवाल्या मुठींचा आणि तिनधारियाच्या लेथचा आहे.

दार्जिलिंगहून एक वाट आर्या चहामळ्यातून खाली, खोल दरीत उतरते. हवा बदलत जाते, स्वेटर काढावा लागतो, केळीची झाडं दिसू लागतात. तळाशी ओढ्याकाठी एक बैठी इमारत आहे, सिद्रापोंगचं वीजघर. १० नोव्हेंबर १८९७ रोजी ते सुरू झालं. भारतात पाण्यावर वीज करून लोकांसाठी दिवे लावण्याची सुरुवात इथे झाली. ६५ किलोवॉटची दोन जनित्रं, मिळून १३० किलोवॉट. आज एखाद्या मध्यम इमारतीलाही ती पुरायची नाही, पण तेवढ्यावर दार्जिलिंगच्या रस्त्यांवर दिवे लागले. आपल्या खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं ते १९१५ साली, म्हणजे याच्यानंतर अठरा वर्षांनी. खोपोलीमागे मुंबईच्या गिरण्यांची मोठी भूक होती. इथे मात्र एक छोटं डोंगरी गाव, दोन ओढे आणि ते पाणी फुकट वाहू न देण्याची इच्छा. हा इतिहास शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही. वर चढताना मळ्यात पानं खुडणाऱ्या बायका भेटल्या. त्यांनी पाणी दिलं, कुठून आलात विचारलं आणि खाली नेमकं काय पाहिलंत हेही विचारलं. मी सांगितलं तशी एक आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्या घराचा आवाज मळ्यापर्यंत यायचा.

घूमच्या पुढे सुखियापोखरी, आणि तिथून उतरून मानेभंज्यांग. गाव म्हणजे एक रस्ता. एका बाजूची घरं भारतात, दुसऱ्या बाजूची नेपाळात. मीठ संपलं तर गृहिणी परदेशात जाऊन मीठ आणते आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. आणि या रस्त्याच्या कडेला, एकामागे एक, लँड रोव्हर उभ्या. एखाद-दुसरी नव्हे, रांगच्या रांग. काहींच्या नाकाडावर स्टेपनीचं चाक, काहींची पुढची काच मधोमध दांडा असलेली, दारांच्या काचा सरकवायच्या. १९५०च्या दशकातल्या या गाड्या जगात इतरत्र संग्राहकांच्या शेडमध्ये झाकून ठेवलेल्या असतात. इथे त्यांच्या टपावर गॅसचे सिलिंडर, तांदळाची पोती आणि कोंबड्यांचं खुराडं बांधलेलं होतं.

लँड रोव्हर १९४८ साली इंग्लंडात निघाली. मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर युद्धातून उरलेली अमेरिकी विलिज जीप होती. तिच्यावरूनच कल्पना सुचली आणि पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. त्या टंचाईचा फायदा मानेभंज्यांगला आजही होतो: इथल्या धुक्यात आणि पावसात पोलादी पत्रा केव्हाच गंजून गेला असता. इथले लोक सांगतात, या गाड्या चहामळ्यांच्या गोऱ्या साहेबांनी आणल्या. साहेब गेले, गाड्या हातोहात विकल्या गेल्या आणि इथून वर जाणाऱ्या सांदकफू शिखराच्या वाटेवर त्यांना कायमची नोकरी लागली. अशा चाळीसेक गाड्या, त्यांच्या मालकांची संघटना आणि प्रत्येकाचा ठरलेला नंबर. नंबर आल्याशिवाय कुणी पुढे घुसत नाही. २०१८ साली लँड रोव्हरला ७० वर्षं झाली तेव्हा कंपनीनेही या गावाची दखल घेऊन त्यावर एक लघुपट केला.

सांदकफूला जायला ठरवलेल्या आमच्या गाडीचे सारथी तिशीचे. मी त्यांना 'दाजू' म्हणू लागलो, म्हणजे थोरला भाऊ. ते वयाने लहान, पण इथे ड्रायव्हरला अशीच हाक मारतात. गाडी त्यांच्या आजोबांनी घेतलेली. दाजूंनी नाकाड उघडलं आणि मला आत बघायला बोलावलं. इंजिन महिंद्रचं! मूळ पेट्रोल इंजिनाला इंधन परवडेना आणि सुटे भाग मिळेनात, तेव्हा बहुतेक गाड्यांमध्ये महिंद्र जीपचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. मी पाहतच राहिलो. विलिज जीपवरून लँड रोव्हर जन्मली. तीच विलिज जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रनी मुंबईत बांधायला घेतली. आणि एकाच मुळाच्या या दोन शाखा हिमालयातल्या एका गावात मिस्त्रीच्या हातून पुन्हा एकत्र आल्या. त्यात आणखी भर म्हणजे २००८ साली लँड रोव्हर कंपनीच टाटांनी घेतली. दाजूंना हे ठाऊक होतं. 'मग ही गाडी तुमच्याच मुलखाची,' असं म्हणून त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं.

वाट ३१ किलोमीटरची, पण सांदकफू ३,६३६ मीटरवर, म्हणजे दीड हजार मीटरच्या आसपासचा चढ. चित्रे गावापर्यंतच वळणं अशी की गाडी एका दमात वळत नाही. पुढे जायचं, थांबायचं, मागे यायचं, मग वळायचं. खाली रेल्वे जे करते तेच इथे गाडी करते. पूर्वी सगळा रस्ता धोंड्यांचा होता, आता बराच पक्का झालाय. वरच्या टप्प्यात मात्र धोंडे आले की गाडीचा खरा गुण दिसतो. दाजूंनी पिवळी मूठ दाबली, लाल दांडा मागे ओढला, म्हणजे चारही चाकांना जोर मिळाला. इंजिनाचा आवाज जाड झाला आणि गाडी माणसाच्या चालीने, एकेक धोंडा पायाखाली घेत वर जाऊ लागली. पाटे करकरत होते. स्टिअरिंगला कुठलीही मदत नाही, सगळं खांद्याच्या बळावर. मागे उभा असलेला पोरगा गाडी थांबली रे थांबली की उडी टाकून चाकाला दगडाची उटी लावायचा. आपल्या एसटीच्या जुन्या कंडक्टरांना हे काम करताना मी घाटात पाहिलेलं आहे.

टुमलिंगला रात्र काढली. गाव नेपाळच्या हद्दीत. चुलीभोवती सगळे एकत्र बसतात, प्रवासी, ड्रायव्हर, मालकीण दिदी, शेजारी. ड्रायव्हरला वेगळ्या खोलीत जेवायला बसवायची रीत इथे नाही, आणि हे मला आपल्याकडच्या हॉटेलांपेक्षा फार बरं वाटलं. भात, डाळ, गुंद्रुकची आंबटसर भाजी. चुलीवर दोरीला छुर्पीचं चीज वाळत घातलेलं. बोलणं गाड्यांचंच. कुणाची गाडी बाळंतिणीला घेऊन रात्रीत खाली कशी उतरली, कुणाचा एक्सल कालीपोखरीला तुटला आणि दुसऱ्याने आपली गाडी सोडून स्वतःच्या खांद्यावरून एक्सल कसा आणून दिला. दाजू म्हणाले, इथे गाडी बिघडली तर मागून येणारा थांबतो, मग त्याचा हंगाम बुडाला तरी. कारण उद्या त्याची गाडी बिघडणार असते.

गैरीबासच्या चौकीवरून, कालीपोखरीच्या काळ्याशार तळ्याजवळून, बिखेभंज्यांगचा शेवटचा खडा चढ चढून सांदकफूला पोचलो. गाड्या उतारावर नाक खाली करून उभ्या केलेल्या. थंडीत सकाळी बॅटरी दगा देते, म्हणून उताराचा भरवसा. पहाटे सगळे बाहेर. उत्तरेला कांचनजंगाची रांग निजलेल्या बुद्धासारखी, वायव्येला ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू. जगातल्या पाच सर्वांत उंच शिखरांपैकी चार एका जागी उभं राहून दिसतात. आधी गुलाबी, मग सोनेरी, मग लखलखीत पांढरी. त्या दर्शनाने हात आपोआप जोडले गेले. आणि त्याच वेळी बाजूला दाजू इंजिनावर गरम पाणी ओतत होते. ब्रेक सोडला, गाडी चार हात घरंगळली, धूर निघाला आणि इंजिनाने सूर धरला. त्यांनीही शिखरांकडे पाहून कपाळाला हात लावला आणि मग स्टिअरिंगला.

उतरताना दाजूंनी मनातली काळजी सांगितली. रस्ता सुधारला तशा नव्या बोलेरो आल्या. त्यांच्या सीट मऊ, पर्यटक तिकडे वळतात. आणि नियमांची टांगती तलवार आहेच. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिच्या क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. मूळ रूप जपणाऱ्या हौशी संग्राहकांसाठी हा नियम चांगलाच आहे. आमच्या दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपतींची भगवी मेबॅक येते तेव्हा सारं कोल्हापूर तिला डोळे भरून पाहतं, आणि ते योग्यच आहे. पण मानेभंज्यांगची गाडी या व्याख्येत बसत नाही. तिचं इंजिन बदललेलं, बाकडी नवी, पत्रा ठोकून सरळ केलेला. ती जुनी ठरते पण वारसा ठरत नाही; कामाची आहे पण नवी नाही.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. जे यंत्र जसंच्या तसं राहिलं ते जपावं, यात वाद नाही. पण जे यंत्र सतत चालत राहिलं त्याचा मान त्याहून कमी का? तिनधारियाच्या इंजिनात आज मूळचे किती भाग उरले असतील? चहा मळण्याच्या टेबलाच्या पितळी पट्ट्या किती वेळा बदलल्या असतील? यंत्र टिकलं म्हणजे लोखंड टिकलं असं नव्हे. ते दुरुस्त करण्याची विद्या बापाकडून लेकाकडे, उस्तादाकडून पोऱ्याकडे पोचत राहिली म्हणून यंत्र टिकलं. ज्या दिवशी ती साखळी तुटते त्या दिवशी सर्वांत मजबूत यंत्रही भंगार होतं.

आपल्याकडे ती किती ठिकाणी तुटली हे आपण पाहतो आहोत. विदर्भात यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूरला जोडणारी शकुंतला रेल्वे थांबली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं आणि १९९४ पर्यंत कामावर होतं. पंचगंगेच्या काठच्या गुऱ्हाळांत जी जुनी ऑइल इंजिनं ठोके देत चरक फिरवायची त्यांच्या जागी मोटारी आल्या, आणि इंजिनं शेडच्या मागे पाचटात पडली. मोटारींना नावं ठेवायचं कारण नाही, शेतकऱ्याला परवडेल तेच तो वापरणार. पण त्या इंजिनाचा ठोका ऐकून दोष ओळखणारे मिस्त्री अजून आहेत, साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या हाताखाली कुणी नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे: मानेभंज्यांगच्या गाड्यांसारखी, दुरुस्त होत होत आजवर कामावर राहिलेली जी जुनी यंत्रं आहेत त्यांच्यासाठी नियमांत वेगळं स्थान करा, सुरक्षिततेची तपासणी कडक ठेवा, पण त्यांना चालू द्या. दुसरी वाचकांकडे: तुमच्या गावात, शेतात, बंद गिरणीत, छापखान्यात असं एखादं यंत्र असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी ते चालवणारा माणूस शोधा. त्याला एकदा ते सुरू करायला सांगा, त्याचं सगळं बोलणं टिपून घ्या आणि शेजारी एखादं शिकतं पोर उभं करा. तेवढं आपल्या हातात आहे आणि ते याच वर्षी करायला हवं.